अन्न, शरीर आणि मागे राहिलेली कृती

लहानपणी सकाळी पेलाभर दूध प्यायलो की तासाभरात माझ्या पोटात गुडगुड सुरू होई, पोट फुगे आणि पुष्कळदा कळाही येत. त्याच दुधाचे दही मात्र मला कधी बाधले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही दूध टाळण्याची सबब वाटे, आणि दही चालते तर दूध का चालत नाही, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे. ते उत्तर मला चाळिशी जवळ आल्यावर वाचनातून मिळाले. त्याच्या पाठोपाठ इतके नवे प्रश्न उभे राहिले की गेली काही वर्षे मी माणसाच्या आहाराविषयी जे हाती लागेल ते वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे जे मत बनले, ते येथे मांडत आहे.

दुधातील साखरेला, म्हणजे लॅक्टोजला, फोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे एन्झाइम लागते. सस्तन प्राण्यांची पिल्ले ते भरपूर तयार करतात आणि अंगावरचे दूध सुटले की त्याचे प्रमाण घटत जाते. माणसातही मूळ नियम हाच आहे. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टेजचे प्रमाण कमी झालेले असते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात, आणि मग माझ्यासारख्यांचे पोट फुगते. याचा अर्थ असा की दूध न पचणे हा आजार नसून सस्तन प्राण्याची साधारण अवस्था आहे, आणि मोठेपणीही दूध सहज पचणे हा अपवाद आहे. वैद्यकीय लिखाणात मात्र दीर्घकाळ याच्या उलट मांडणी होत राहिली, कारण ते लिहिणारे बहुतांशी त्या अपवादातले होते.

हा अपवाद घडला कसा, याचा उलगडा गेल्या पंचवीस वर्षांत होत गेला. २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी लॅक्टेजच्या जनुकाच्या अलीकडे, शेजारच्या जनुकात, डीएनएचे एकच अक्षर बदललेले दाखवून दिले. ज्यांच्यात हा बदल आहे त्यांच्यात लॅक्टेजची निर्मिती आयुष्यभर चालू राहते. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पशुपालक समाजांच्या अभ्यासातून असे दिसले की तेथेही प्रौढांना दूध पचते, परंतु त्यामागचे जनुकीय बदल निराळे आहेत. एकाच उपयोगासाठी निसर्गाने वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे वेगवेगळी अक्षरे बदललेली आहेत, आणि या सर्व ठिकाणी समान गोष्ट एकच, ती म्हणजे माणसाने पाळलेली दुभती जनावरे.

येथपर्यंतची गोष्ट सरळ वाटते: जनावरे पाळली, दूध मिळाले, दूध पचवणारे अधिक जगले. परंतु पुरातत्त्वज्ञांनी मातीच्या भांड्यांच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचे पृथक्करण केले तेव्हा काळाचा हिशेब जुळेना. आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांत दुधाचे अंश सापडतात. आजच्या पोलंडमध्ये सात हजार वर्षांहून जुनी, छिद्रे पाडलेली, चीज गाळण्याची भांडी सापडली आहेत. आणि युरोपात दूध पचवणारे जनुकीय रूप सर्रास आढळू लागते ते साधारण तीन हजार वर्षांपूर्वी. २०२२ मध्ये साडेपाचशेहून अधिक स्थळांच्या खापरांवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हीच तफावत ठसठशीतपणे पुढे आली. म्हणजे हजारो वर्षे माणसे दूध वापरत होती आणि त्यांना ते नीट पचत नव्हते. त्या अभ्यासाच्या लेखकांचे म्हणणे असे की एरवी या न पचण्याने थोडी अस्वस्थता होत असे, एवढेच. पण दुष्काळात आणि साथीच्या रोगांत, शरीर आधीच खंगलेले असताना होणारा अतिसार जिवावर बेतत असे, आणि नैसर्गिक निवडीचा, म्हणजे दूध पचवणारेच अधिक तगून राहण्याचा, खरा दाब अशा काळात पडला.

आणि ज्यांनी चीज गाळले त्यांनी नेमके काय केले? पाण्यात विरघळलेला लॅक्टोज निवळीबरोबर बाहेर काढला. ज्यांनी दूध आंबवले त्यांनी तो जिवाणूंकडून आधीच फोडून घेतला. मंगोलियातील पशुपालकांच्या आहारात दुधापासून केलेल्या पदार्थांना मोठे स्थान आहे आणि तेथे दुग्धव्यवसायाचा पुरावा सुमारे पाच हजार वर्षे मागे जातो, तरीही तेथील बहुसंख्य प्रौढांमध्ये दूध पचवणारे जनुकीय रूप नाही. घोडीचे दूध आंबवून केलेले आयराग, वाळवलेले दही, साय यांच्या बळावर त्यांनी तो प्रश्न शरीराबाहेर, भांड्यातच सोडवला. माझे लहानपणचे कोडेही येथेच सुटते: दह्यातील जिवाणूंनी जे काम केलेले असे, ते माझ्या आतड्याला करावे लागत नसे.

या उदाहरणाने माझी विचार करण्याची पद्धत बदलली. परिसर अट घालतो, शरीर त्या अटीनुसार पिढ्यानुपिढ्या घडत जाते आणि संस्कृती वर चवीढवीचा थर चढवते, असा क्रम माझ्या मनात होता. प्रत्यक्षात कृती कित्येकदा आधी येते, शरीर तिच्या मागून चालते, आणि कृती पुरेशी चांगली असेल तर शरीराला बदलावेही लागत नाही.

याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे विस्तव. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो, पण स्वस्थ बसलेल्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो घेतो. उलट आपले दात, जबडे आणि मोठे आतडे चिंपांझींच्या मानाने लहान आहेत. चिंपांझींचे दिवसाचे कित्येक तास चघळण्यात जातात, आपला घास काही क्षणांत खाली उतरतो. शिजवल्याने कंदांतील पिष्ट फुगते, मांसाचे तंतू सैल होतात, काही विषारी द्रव्ये नष्ट होतात आणि त्याच अन्नातून अधिक ऊर्जा हाती लागते. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचे प्रतिपादन असे आहे की होमो इरेक्टस या आपल्या प्राचीन पूर्वजाच्या काळापासूनच, म्हणजे जवळजवळ १९ लाख वर्षांपूर्वीपासून, शिजवलेल्या अन्नाने आपले शरीर घडवले. विस्तवाचे ठोस पुरावे मात्र एवढे जुने नाहीत: दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेतील पुरावा सुमारे १० लाख वर्षांचा आणि इस्रायलमधील गेशर बनोत याकोव येथील सुमारे ७,८०,००० वर्षांचा. म्हणून त्यांच्या कालगणनेवर आक्षेप आहेत आणि ते मला रास्त वाटतात. परंतु आज आपण शिजवण्यावर अवलंबून आहोत, याविषयी शंका घेण्यास जागा उरलेली नाही. १९९९ मध्ये जर्मनीत, दीर्घकाळ मुख्यतः कच्चे अन्न खाणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अंशतः वा पूर्णतः बंद झालेली होती. हे सर्व लोक बारमाही फळे, तेलबिया आणि निवडक भाज्या मिळणाऱ्या काळात राहत होते, हे लक्षात घेतले म्हणजे रानात ही स्थिती कशी झाली असती याची कल्पना येते.

उत्क्रांतीने काही क्षमता दिल्या तशा काही काढूनही घेतल्या. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. आपल्या वानरपूर्वजांत त्यासाठीचे जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी निकामी झाले, आणि फळे-पाने खाणाऱ्या प्राण्याला त्याची उणीव भासली नाही. ती भासली ती लांबच्या सागरी प्रवासात, स्कर्व्हीच्या रूपाने. मग आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक फळा-भाजीवाचून कसे जगले? त्यांनी व्हेलची कातडी चरबीसह कच्ची खाल्ली, तिला मक्तुक म्हणतात, आणि प्राण्यांचे काही अवयवही कच्चे खाल्ले. या दोहोंत क जीवनसत्त्व असते आणि ते उष्णतेने नष्ट होते. विस्तवाची एवढी महती वर सांगितल्यावर, न शिजवणे हीदेखील एक कमावलेली कृती असू शकते, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या शरीरानेही आपला वाटा उचललेला आहे. २०१५ मध्ये ग्रीनलंडमधील इन्युइटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्निग्धाम्लांच्या चयापचयाशी संबंधित जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या स्पष्ट खुणा आढळल्या. इन्युइट लोक मासे आणि सागरी चरबी खाऊन धडधाकट राहतात, म्हणून सर्वांनी ती खावी, असा युक्तिवाद अनेक वर्षे होत आला. तो करणाऱ्यांनी त्या आहाराला जुळवून घेतलेले शरीर हिशेबात धरलेले नव्हते.

आता ज्या उदाहरणाजवळ मी सर्वांत अधिक रेंगाळलो, त्याकडे वळतो. मका हे मेक्सिकोचे पीक. तेओसिंते नावाच्या गवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात ते घडवले गेले. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असते, परंतु ते अशा बांधलेल्या स्वरूपात असते की आपल्या आतड्याला ते शोषून घेता येत नाही. शिवाय ज्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन बनवू शकते, ते अमिनो आम्लही मक्यात अपुरे असते. केवळ मक्यावर जगणाऱ्या माणसाला म्हणून पेलाग्रा होतो: उन्हाला उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलते, अतिसार लागतो, बुद्धिभ्रंश होतो आणि शेवटी मृत्यू येतो. मध्य अमेरिकेतील लोक हजारो वर्षे मका खात आले आणि त्यांना हा रोग ठाऊक नव्हता, कारण ते मक्याचे दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवत, तसेच भिजत ठेवत, मग धुऊन वाटत. मेक्सिकोतील मूळ लोकांच्या नावात्ल भाषेत या भिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्याच्या अल्कलीने दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होते, कॅल्शियम वाढते आणि बांधलेले नायसिन मोकळे होते. मक्यासोबत घेवडा खाण्याने अमिनो आम्लांची उणीवही भरून निघते. १९७४ मध्ये सॉलोमन कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका खंडांतील ५१ मूळ समाजांची तुलना केली, तेव्हा मक्यावर मोठ्या प्रमाणात विसंबणाऱ्या समाजांत ही अल्कलीची कृती होती, आणि जेथे मका गौण होता तेथे ती बहुधा नव्हती, असे दिसून आले.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. पीक गेले, चुना गेला नाही. कोणाला तो नेण्याचे कारणही दिसले नसावे, कारण साल काढायला चक्की होती आणि चुन्याचा खरा उपयोग ज्यांच्या घरी मका चुन्यात शिजत होता त्यांनाही शब्दांत सांगता आला नसता. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमधील एका नव्या त्वचारोगाचे वर्णन केले. १७७१ मध्ये इटलीत फ्रांचेस्को फ्रापोल्ली यांनी त्याला पेलाग्रा हे नाव रूढ केले, ज्याचा अर्थ खरखरीत कातडी असा होतो. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पसरला. तेथे कापसाखेरीज दुसरे काही पेरायला जमीनमालक राजी नव्हते, आणि वाट्याने जमीन कसणारी कुटुंबे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर वर्ष काढत होती. पुढच्या तीन-चार दशकांत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख दगावले, असा अंदाज आहे.

डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना सरकारने १९१४ मध्ये या रोगाच्या तपासावर नेमले. तो संसर्गजन्य आहे, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. गोल्डबर्गर यांनी अनाथालये आणि मनोरुग्णालये पाहिली आणि एक साधी गोष्ट टिपली: रोग तेथे राहणाऱ्यांना होतो, तेथे काम करणाऱ्यांना होत नाही. त्यांनी मुलांच्या ताटात दूध, अंडी आणि मांस वाढवले आणि रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ होण्याच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी मक्याचा आहार दिला आणि अकरांपैकी सहा जणांत पेलाग्रा उमटला. तो प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणारा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही विरोधक बधेनात, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी, त्यांच्या पत्नी मेरी यांनी आणि काही सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. पुरुषांनी तर रुग्णांच्या खपल्या आणि मलमूत्र कणकेत मिसळून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले आणि नेमके द्रव्य नायसिन आहे हे कॉनराड एल्वेहयेम यांच्या प्रयोगांतून १९३७ मध्ये कळले. ही सारी हकिकत वाचताना माझ्या मनात राहून राहून एकच गोष्ट येते. सुमारे दोन शतके युरोप-अमेरिकेतील विद्वान ज्या रोगाचे कारण शोधत होते, त्याचा प्रतिबंध मेक्सिकोतील बायका रोज रात्री चुन्याच्या पाण्यात मका भिजत घालून करत होत्या, आणि त्यांना विचारायला कोणी गेले नाही.

कसाव्याची, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाची, गोष्ट याच वळणाची आहे, पण तिच्यात विष उघड आहे. कडू कसाव्यात शरीरात गेल्यावर सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील लोक तो किसतात, पिळतात, धुतात, मुरवतात, भाजतात. या कामाला दिवस लागतात आणि त्यातील कोणती पायरी किती आवश्यक हे नुसत्या चवीवरून ओळखता येत नाही. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात कसावा आफ्रिकेत नेला. तेथे अनेक समाजांनी भिजवून आंबवण्याच्या स्वतःच्या उत्तम पद्धती उभ्या केल्या. पण दुष्काळात, जेव्हा कंदातील विष वाढलेले असते, घरात प्रथिने नसतात आणि भुकेमुळे प्रक्रियेचे दिवस कापले जातात, तेव्हा पायांत कायमचे अपंगत्व आणणारा कोन्झो हा विकार उद्भवतो. १९८१ मध्ये मोझांबिकच्या उत्तर भागात एकाच दुष्काळात हजाराहून अधिक लोकांना, त्यांतही मुख्यतः मुलांना आणि स्त्रियांना, तो झाला. त्यांना कृती ठाऊक होती. ती पूर्ण करण्याइतका अवधी भुकेने त्यांना दिला नाही.

तांदूळ सडून पांढराशुभ्र करण्याने बेरीबेरी हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग कसा पसरला, हा इतिहास बराच परिचित असल्याने त्याचा येथे विस्तार करत नाही.

अधिक महत्त्वाचा मला अॅरिझोनातील अकिमेल ओओदाम लोकांचा अनुभव वाटतो. बाहेरचे लोक त्यांना पिमा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थ ‘नदीचे लोक’ असा आहे. हिला नदीच्या पाटांवर ते मका, तेपारी नावाचा दुष्काळात तगणारा घेवडा, भोपळा आणि पुढे गहूही पिकवत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तेथून जाणाऱ्या प्रवाशांना आणि सैन्याला धान्य पुरवत. त्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला वसाहती झाल्या, तेथील लोकांनी पाणी वळवून घेतले आणि शतक संपण्याआधीच या शेतकऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. पुढे सरकारी शिध्यात त्यांना मैदा, साखर आणि चरबी मिळू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील सर्वाधिक मधुमेह असलेल्या समाजांत त्यांची गणना होऊ लागली, आणि जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘काटकसरी जनुकां’च्या कल्पनेचे उदाहरण म्हणून अनेक अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. दुष्काळात चरबी साठवणारी जनुके सुबत्तेत घातक ठरतात, असा त्या कल्पनेचा सारांश आहे.

या कल्पनेची परीक्षा पाहण्याची संधी सीमेपलीकडे होती. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, मायकोबा या डोंगराळ भागात, त्यांचेच जनुकीय नातलग राहतात. ते तेव्हा कष्टाची शेती करत होते आणि मुख्यतः आपल्याच शेतातले खात होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अॅरिझोनातील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के आणि मेक्सिकोतील पिमांमध्ये ६.९ टक्के आढळले. शरीराचा कल दोघांचा सारखा असू शकेल, तरी तो रोगात उतरला तो पाणी गेल्यावर. ‘त्यांच्या जनुकांतच दोष आहे’ हे वाक्य मी अजूनही वाचतो तेव्हा मला संताप येतो, कारण त्यात नदी वळवणारे हात दिसेनासे होतात. २००४ च्या कायद्याने त्यांना पाण्याचा मोठा हक्क परत मिळाला आणि तेथे पुन्हा तेपारी पिकवला जातो.

शरीर म्हणताना आपण साधारणपणे आपली जनुके आणि आपले अवयव धरतो. आतड्यातील जिवाणूंना त्यात जागा देत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात जपानी लोकांच्या आतड्यातील एका जिवाणूत समुद्री शेवाळातील विशिष्ट शर्करा फोडणारे जनुक आढळले, जे मुळात समुद्रात शेवाळावर राहणाऱ्या जिवाणूचे आहे. शेवाळ खाताना समुद्रातले जिवाणूही पोटात जात राहिले, आणि त्यांच्यातील जनुक आतड्यात वसलेल्या जिवाणूने उचलले. उत्तर अमेरिकेतील लोकांच्या तपासलेल्या नमुन्यांत ते आढळले नाही. मानवी जनुकाला पसरायला जेथे शेकडो पिढ्या लागतात, तेथे ताटाच्या सवयीने असा बदल निराळ्या वाटेने घडवला.

चवीची सवयही ताट समोर येण्याआधी लागू लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात काही गरोदर स्त्रियांनी शेवटच्या तीन महिन्यांत काही आठवडे गाजराचा रस घेतला, तर काहींनी बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना घेतला. त्यांच्या बाळांना पुढे वरचे अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या चवीची पेज दिली, तेव्हा ज्यांच्या आयांनी केवळ पाणी घेतले होते त्या बाळांच्या मानाने त्यांनी तोंडे कमी वाकडी केली. गर्भजलातून आणि आईच्या दुधातून परिसराची चव पोहोचलेली होती. दोन वर्षांच्या आसपास मूल अनोळखी पदार्थ नाकारू लागते, तेव्हाही ते आपल्या परीने एक जुनी दक्षता पाळत असते: चालू लागलेल्या, हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या प्राण्याने ओळखीचेच खावे, हे रानात शहाणपणाचे होते. अशा मुलाला हट्टी ठरवताना मला माझा दुधाचा पेला आठवतो.

त्या पेल्याविषयीही मला पुढे थोडे अधिक कळले. लॅक्टेज कमी झालेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी पेलाभर दुधातला लॅक्टोज, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, फारसा त्रास न होता सोसतो, आणि दूध रोज थोडे थोडे घेत राहिल्यास मोठ्या आतड्यातील जिवाणूंची घडण बदलून वायू कमी होऊ लागतो. मी गेले वर्षभर जेवणाबरोबर अर्धा पेला दूध घेत आहे. पहिले दोन-तीन आठवडे पोटाने पूर्वीसारखीच तक्रार केली, मग ती हळूहळू कमी झाली. पेला पूर्ण भरला किंवा रिकाम्या पोटी घेतला तर ती अजूनही परत येते.